श्रमाची फी : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरात बारावीचा निकाल लागला की दोन रांगा दिसतात. एक महाविद्यालयाच्या खिडकीपाशी आणि दुसरी कंपनीच्या फाटकापाशी, ठेकेदाराच्या माणसासमोर. गरिबाघरचा मुलगा पुष्कळदा पहिल्या रांगेतून निघून दुसरीत उभा राहतो. काही मुले प्रवेश घेतात, पण दुसऱ्या वर्षी त्यांचे बाक रिकामे दिसतात. चाकणला रात्रपाळी लागली, घरभाडे थकले, वडील आजारी पडले, अशी कारणे कानावर येतात. पगार की पदवी, हा प्रश्न या मुलांपुढे रोज उभा असतो. हाच प्रश्न ज्या महापुरुषाने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला, त्याच्या जीवनाची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी म्हणून हा अल्प प्रयत्न.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शालेय शिक्षणही मॅट्रिकपर्यंत पोचले नाही. ज्याने पुढे हजारो मुलांना महाविद्यालयाची पायरी दाखवली, त्याला स्वतःला ती कधी चढता आली नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

कोल्हापुरात त्यांच्यावर राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा मोठा ठसा उमटला. महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. मुसलमान समाजात शिक्षणासाठी पुढाकार घेणारे कोणी दिसेना, तेव्हा १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मुलगा शिकायचा तर त्याला शाळेइतकीच गरज निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची असते, ही गोष्ट भाऊरावांनी तेथे पाहिली. पुढे त्यांनी एक पाऊल अधिक टाकले. प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह न काढता सर्वांना एका छपराखाली आणायचे त्यांनी ठरवले.

पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. त्या निमित्ताने गावोगाव हिंडताना शेतकऱ्याचे दारिद्र्य व अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हणजे कारखाना आणि कामगार यांच्याशी त्यांचा चांगला परिचय होता. आपल्यासारख्या उद्योगनगरीतल्या वाचकांना ही बाब जवळची वाटेल.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एका पंगतीत जेवत, एकत्र राबत आणि एकत्र अभ्यास करीत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण केले.

हा संसार चालला कसा? एकट्या दात्यावर भाऊरावांनी तो सोपवला नाही. गावकऱ्यांकडून मूठमूठ धान्य गोळा होई. संस्थानिक व धनिक देणग्या देत. मुले स्वतः शेतात राबत, स्वयंपाक करीत, बांधकामावर दगडमाती वाहत. सर्वांत मोठा वाटा मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष आज दिसतो, त्याच्या मुळाशी हा त्याग आहे.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे कमवा व शिका या तत्त्वास निश्चित रूप आले. जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. पैशाच्या फीऐवजी श्रम देऊन पदवीपर्यंत जाण्याची वाट गरीब मुलास तेथे मोकळी झाली. १९४८ साली सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हा लोकांनीच वर्गणी काढून शाळा चालू ठेवल्या. संस्था लोकांच्या हाती असली म्हणजे ती संकटात टिकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि त्यानंतर साताऱ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मौलाना आझादांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला, पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

आज त्यांच्या संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आपल्या पिंपरीतच आहे. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना त्यांच्याच नावाने चालते. गरजू विद्यार्थ्याने महाविद्यालयातच ठरावीक तास काम करावे आणि मानधन घ्यावे, अशी ती सोय आहे. तरीही अनेक पालकांना तिची माहिती नसते आणि मुलांना अर्ज करण्याची लाज वाटते. हातात झाडू घेतल्याने मान कमी होत नाही, हे भाऊरावांच्या मुलांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

एक भेद मात्र लक्षात घ्यावा. साताऱ्याच्या मुलाचे काम त्याच्या अभ्यासाच्या वेळा सांभाळून आखलेले असे. आपल्या मुलाची पाळी त्याच्या परीक्षेकडे पाहत नाही. तेव्हा नुसते कष्ट कर, असा उपदेश त्याला करून भागणार नाही. कारखानदाराने परीक्षेच्या महिन्यात त्याची पाळी बदलून द्यावी. महाविद्यालयाने त्याची गैरहजेरी पाहून घरी चौकशी करावी. मोहल्ल्याने रात्री अभ्यासाला एक शांत खोली द्यावी. आपल्या समाजात जकात व सदका देण्याची परंपरा आहे. त्यातला योग्य वाटा गरजू मुलाला पहिल्याच वर्षी नव्हे, तर पदवी हाती पडेपर्यंत मिळावा. प्रवेशाच्या दिवशी मदत करणारे बरेच भेटतात. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा फीच्या वेळी मात्र मुलगा एकटा असतो.

मूठभर धान्यातून वसतिगृह उभे राहिले. येत्या वर्षी आपल्या संस्थेच्या प्रत्येक हितचिंतकाने अशा एका मुलाची वा मुलीची शेवटच्या वर्षापर्यंत जबाबदारी घ्यावी. कर्मवीरांना आपली तीच खरी आदरांजली ठरेल.