विश्लेषण : डॉक्टरने नव्हे, खगोलशास्त्रज्ञाने दिले ‘बीएमआय’चे सूत्र! कोण होते ॲडॉल्फ केटले?

मोबाइलमधील हेल्थ ॲपमध्ये उंची आणि वजन टाकले की क्षणात एक आकडा समोर येतो. हाच बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय. तो जास्त आला की धास्ती वाटते आणि ‘नॉर्मल’ आला की आपण निश्चिंत होतो. मात्र या आकड्यामागचे सूत्र मांडणारे ॲडॉल्फ केटले डॉक्टर नव्हते. लठ्ठपणा हा त्यांचा विषयही नव्हता. मग हे सूत्र आले कुठून आणि ते आपल्या शरीराबद्दल नेमके किती सांगते?

कोण होते केटले?

केटले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी आताच्या बेल्जियममधील गेन्ट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यामुळे विशी गाठण्याआधीच त्यांनी शिकवण्याची नोकरी धरली. १८१९ मध्ये त्यांनी गेन्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. ब्रसेल्समध्ये वेधशाळा उभी राहावी यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. त्याच्याच तयारीसाठी १८२३ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले. तेथे खगोलशास्त्राबरोबर संभाव्यतेच्या गणिताशी त्यांची ओळख झाली आणि पुढच्या कामाची दिशाच बदलली.

ताऱ्यांचे गणित माणसांना कसे लावले?

एकाच ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले तर दर वेळी थोडे वेगळे उत्तर येते. मात्र बहुतेक उत्तरे एका मधल्या आकड्याच्या आसपास असतात. त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा दिसतो. माणसांच्या मोजमापांतही अशीच शिस्त असेल का, हा केटले यांचा प्रश्न होता. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही संकल्पना मांडली. पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे तपासली, तेव्हा तोच घंटेचा आकार दिसला.

या पद्धतीने एक लबाडीही उघड केली. फ्रान्समधील सैन्यभरतीच्या नोंदींत किमान उंचीपेक्षा थोडे बुटके असलेल्या तरुणांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त होती. भरती टाळण्यासाठी सुमारे २ हजार जणांनी उंची कमी दाखवली असावी, असा निष्कर्ष केटले यांनी काढला.

उंचीचा वर्गच का?

माणूस सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात वाढला असता, तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढले असते. प्रत्यक्ष मोजमापांत मात्र प्रौढांचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे केटले यांना १८३० च्या दशकात आढळले. म्हणून किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उदाहरणार्थ, ७० किलो वजन आणि १.७० मीटर उंची असेल तर उत्तर येते २४.२. मात्र केटले यांना समाजाची सरासरी शोधायची होती. कोण निरोगी आणि कोण लठ्ठ, हे ठरवण्यासाठी हे सूत्र नव्हते.

१८५३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रसेल्समध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. १८५५ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही त्यांनी काम थांबवले नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘बीएमआय’ हे नाव कधी मिळाले?

त्यानंतर जवळपास शतकाने, १९७२ मध्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील ७ हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापे तपासली. उंची-वजनाच्या सूत्रांमध्ये केटले यांचे सूत्र त्यांना सोपे आणि उपयुक्त वाटले. त्यांनीच त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. पुढे ते जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले.

मग अडचण कुठे आहे?

वजनकाटा चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी वेगळे मोजत नाही. त्यामुळे पिळदार शरीराच्या पैलवानाचा बीएमआय ‘लठ्ठ’ येऊ शकतो, तर सडपातळ माणसाच्या पोटात साठलेली चरबी नजरेआड राहते. पोटातील अवयवांभोवतीची ही चरबी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवते.

याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ही तुलना २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

तुम्ही काय पाहावे?

जागतिक निकषांत २५ पासून जादा वजन मानले जाते. भारतीयांसाठी २००९ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार २३ पासूनच सावध व्हायचे आणि २५ पासून लठ्ठपणा धरायचा. त्याबरोबर घरातील साध्या टेपने कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि महिलांची ८० सेंटीमीटरच्या आत असणे चांगले. माप त्याहून जास्त असेल, तर बीएमआय ‘नॉर्मल’ असला तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केटले यांचे सूत्र हजारो माणसांची सरासरी सांगायला आजही उपयोगी आहे. एकट्या माणसाच्या प्रकृतीचा निवाडा मात्र त्यावर सोडता येत नाही.