दिव्यापलीकडची नाइटिंगेलबाई

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यवाहबाईंनी सुचविले, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव मी आपण होऊन निवडले. मी जन्मभर परिचारिकेची नोकरी केली. हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी ही बाई शाळेच्या पुस्तकांतून आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु भगिनींनो, तिचे सर्वांत मोठे काम दिव्याने नव्हे, तर कागद आणि रंगांनी झाले. मला सांगायचे आहे ते त्याविषयी.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवले. वडिलांनी त्यांना घरीच शिकविले. गणिताची त्यांना विशेष गोडी. रुग्णसेवेचे काम त्या काळी कुलीन घरांत हलके समजत. घरचा विरोध सोसून १८५१ साली त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे त्याचे शिक्षण घेतले.

क्रिमियाचे युद्ध चालू असता, १८५४ च्या नोव्हेंबरात, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. रुग्ण जमिनीवर पडलेले, अंगावर धड वस्त्र नाही, इमारतीखालच्या गटारी तुंबलेल्या. बाईंनी स्वयंपाकघर लावले, धुलाईची सोय केली, रात्रीचा दिवस केला. तरीही मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारने धाडलेल्या आरोग्य-समितीने गटारी उपसल्या, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. आणि काही महिन्यांतच तो आकडा दोनच्या आसपास आला.

१८५६ साली बाई मायदेशी परतल्या. शिपाई उपासमारीने व थंडीने खंगून आले, म्हणून मेले, असे सर्व म्हणत. बाईंचाही समज आधी तसाच होता. मग विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी प्रत्येक महिन्याचे मृत्यू कारणवार मांडले, आणि खरे कारण उघडे पडले. पण आकड्यांचे तक्ते मंत्री वाचणार नाहीत, हे त्या जाणून होत्या. म्हणून १८५८ साली त्यांनी ते चित्रात उतरविले.

आपण दारात ठिपक्याभोवती पाकळ्यांची रांगोळी काढतो ना, तसेच ते दिसते. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. जितके मृत्यू अधिक, तितके पाकळीचे क्षेत्र मोठे. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ ची पाकळी पाहा : रोगाने २,७६१, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीनेच माणसे मारली, हे एका दृष्टिक्षेपात कळे. यात स्वतःच्या इस्पितळाची कथाही उघडी पडत होती. बाईंनी ती झाकली नाही.

पुढे हीच नजर त्यांनी हिंदुस्थानकडे वळविली. त्या येथे कधीच आल्या नाहीत. पण ठिकठिकाणच्या छावण्यांतून प्रश्नपत्रके भरून मागवून येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ मृत्यू होतात, हे त्यांनी १८६३ साली पुढे आणले. सुधारणा झाल्यावर दहा वर्षांत तो आकडा १८ वर आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

हे चरित्र माझ्या कामी कसे आले, ते थोडक्यात सांगते. मी नोकरी करीत असलेल्या एका दवाखान्यात काही काळ रुग्णांच्या टाक्यांत पू होऊ लागला. ठपका एका आयाबाईवर आला. तिला कामावरून काढण्याचेच घाटत होते. मी कॅलेंडरचे पान घेतले आणि पू झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या तारखेवर लाल टिंब दिले. टिंबे विखुरलेली नव्हती. नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशीच ती दाटली होती. त्या दिवशी सारे जण उघड्या पिंपातले तळाचे पाणी हात धुवायला घेत. आयाबाईची पाळी असो वा नसो, टिंबे तीच! झाकणाचे, तोटी असलेले पिंप आले, पू थांबला आणि त्या माउलीची भाकरी वाचली.

जपानमध्ये काओरु इशिकावा यांनी कारखान्यांसाठी माशाच्या काट्याची आकृती रूढ केली : डोक्याशी अडचण, आणि माणूस, यंत्र, माल, पद्धत अशा एकेका काट्यावर तिची संभाव्य कारणे. गृहोद्योगात पापड मोडले, की आपणही आधी लाटणारीचा हात पाहतो. मेहकरच्या भगिनींनो, यापुढे आधी एक कागद घेऊ या. पीठ कोणत्या चक्कीचे, पाणी किती, ऊन कोणत्या दिवशी कमी, हे त्यावर मांडू या. रांगोळीचा हात तर आपल्याला आहेच. कुणाचे चुकले हे विचारण्याआधी कशामुळे चुकले, एवढे त्या हाताने शोधू या.