चंद्रशेखर आणि फुटणारे तारे

अमावास्येच्या सुमारास आपल्या वांगणी स्टेशनवर दुर्बिणी घेऊन उतरणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. थंडीत आली की ती व्याधाचा तारा हमखास दाखवतात. या व्याधाला एक जोडीदार आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकाराने तो आपल्या पृथ्वीएवढा, पण वजनाने जवळजवळ सूर्याएवढा! त्यातला चमचाभर ऐवज काढता आला तर एक ट्रक भरेल एवढं त्याचं वजन होईल. अशा म्हाताऱ्या ताऱ्याला श्वेतबटू म्हणतात. या बटूचं वजन किती वाढू शकतं याची सीमा ज्यांनी शोधली, त्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची ही माहिती.

चंद्रशेखर यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1910 रोजी लाहोर येथे झाला. घराणे मद्रासकडचे. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. आई सीतालक्ष्मी यांचे शालेय शिक्षण फार नव्हते, तरी त्यांनी इब्सेन या परदेशी लेखकाचे नाटक तमिळमध्ये आणले. दहा भावंडांत चंद्रशेखर तिसरे. घरी त्यांना चंद्रा म्हणत. प्रसिद्ध शास्त्रज्ञ सर सी. व्ही. रामन हे त्यांचे काका. बारा वर्षांचे होईपर्यंत चंद्रा शाळेत गेलेच नाहीत, घरीच शिकले. (हे वाचून उद्या कोणी घरी बसू नका बरं का!) पुढे मद्रासच्या हिंदू हायस्कुलात आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकले. गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

1930 साली त्यांना केंब्रिजला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण आई अंथरुणाला खिळलेली. पाय निघेना. तेव्हा आईनेच आग्रह धरला, की तू जा. चंद्रा गेले. पुढच्या वर्षी, 1931 च्या मे महिन्यात आई वारली. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही.

विलायतेची बोट मुंबईहून होती. मद्रासहून मुंबईला येणारी मेल पुणे सोडून खंडाळ्याचा घाट उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण अशी जाते. तेव्हाही हाच मार्ग होता. त्यामुळे चंद्रा आपल्याच रुळांवरून गेले असणार, असं आमच्या वर्गात सगळ्यांना वाटतं.

31 जुलै 1930 रोजी बोट मुंबई सोडून निघाली. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला. पुढे तो शांत झाल्यावर चंद्रा कागद-पेन्सिल घेऊन डेकवर बसले. वय वर्षे 19. प्रश्न असा होता, की ताऱ्यातलं जळण संपलं की तो स्वतःच्याच वजनाने दबत जातो. मग श्वेतबटू टिकतो कसा? सकाळच्या कर्जत लोकलचा डबा आठवा. आत माणसं इतकी दाटलेली, की बाहेरून कितीही रेटा, एका हद्दीनंतर ती आणखी दबत नाहीत. श्वेतबटूच्या पोटात इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण असेच दाटतात आणि वजन तोलून धरतात. हे आधीच ठाऊक होतं. चंद्रांनी त्यात आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा नियम घातला, तर उत्तर वेगळंच आलं. बटूचं वजन फार वाढलं तर ते कणही कमी पडतात. सूर्याच्या सुमारे 1.4 पट वजन, ही त्याची हद्द. त्यापुढे श्वेतबटू तग धरू शकत नाही. आज जगभर तिला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात. बोटीतून उतरताना ती हद्द त्यांच्या कागदांवर होती.

पण नुसतं गणित बरोबर असून काय होतं? 11 जानेवारी 1935 रोजी लंडनला ज्योतिषशास्त्रज्ञांच्या सभेत चंद्रांनी आपलं काम मांडलं. लगेच पाठोपाठ सर आर्थर एडिंग्टन बोलायला उभे राहिले. त्या काळी ताऱ्यांच्या शास्त्रात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आदल्या वर्षभर ते चंद्रांच्या खोलीवर येऊन कामाची चौकशी करत होते, पण मनातला विरोध त्यांनी कळू दिला नव्हता. त्यांनी भर सभेत त्या मर्यादेची टर उडवली. लोक हसले. चंद्रा तेव्हा 24 वर्षांचे, परक्या मुलुखात एकटे. काही मोठ्या शास्त्रज्ञांनी चंद्रांचंच बरोबर आहे हे खासगीत मान्य केलं, पण उघडपणे कोणी बोलेना. आम्हाला तरी हे फार वाईट वाटतं.

चंद्रा भांडत बसले नाहीत. 1936 साली त्यांचा ललिता यांच्याशी विवाह झाला. 1937 पासून ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. ताऱ्यांवरचा ग्रंथ 1939 साली लिहून त्यांनी तो विषय मिटवला आणि दुसरा घेतला. दर काही वर्षांनी विषय बदलायचा, ही त्यांची सवयच झाली. 1944 साली एडिंग्टन वारले तेव्हा त्यांच्या कार्याचा गौरव चंद्रांनी मोकळ्या मनाने केला. 1983 साली चंद्रांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ते त्यांच्या 73 व्या वाढदिवशी! 21 ऑगस्ट 1995 रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. 1999 साली अवकाशात सोडलेल्या एका क्ष-किरण दुर्बिणीला त्यांचे चंद्रा हे नाव दिले आहे.

आता त्या मर्यादेचा उपयोग काय, ते सांगतो. श्वेतबटूच्या शेजारी दुसरा तारा असला तर बटू त्याचा ऐवज ओढून घेतो. वजन वाढत वाढत मर्यादेजवळ आलं की बटू एकदम पेटतो आणि त्याच्या चिंधड्या होतात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. तो काही दिवस अब्जावधी सूर्यांइतका उजळतो. त्यात लोखंडही तयार होतं. आपल्या घरातल्या तव्यातलं आणि कोयत्यातलं पुष्कळसं लोखंड अशाच स्फोटांतून आलेलं आहे.

सगळे बटू एकाच वजनाला फुटत असतील तर सगळ्यांचं तेज सारखंच असणार, असं शास्त्रज्ञांना वाटलं. म्हणजे आकाशात जागोजागी सारख्याच वॅटचे बल्ब लावल्यासारखं झालं. बल्ब मिणमिणता दिसला तर तो लांब, झगझगीत दिसला तर जवळ. याच बल्बांनी मोजून 1998 साली कळलं, की विश्वाचं प्रसरण दिवसेंदिवस वेगाने होत आहे. त्या शोधाला 2011 चे नोबेल मिळाले.

मात्र बल्ब अगदी सारखे नाहीत. तारा कोणत्या दीर्घिकेत फुटला, यावरही त्याचं तेज थोडं बदलतं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गावच म्हणा ना. काही गावं तरुण असतात. त्यांचा आकार भोवऱ्यासारखा, आत वायू आणि धूळ भरपूर, नवे तारे जन्मताहेत. काही गावं म्हातारी असतात. आकार लंबगोल, रंग पिवळसर-लालसर, नवा तारा क्वचितच जन्मतो. तरुण गावातला अतिनवतारा बहुधा जास्त तेजस्वी असतो आणि सावकाश मावळतो. म्हाताऱ्या गावातला कमी तेजस्वी, आणि लवकर विझतो. जो सावकाश मावळतो तो मुळात अधिक तेजस्वी, हा नियम मार्क फिलिप्स यांनी 1993 साली मांडला. मग मावळण्याचे दिवस मोजून तेजाची दुरुस्ती करू लागले.

वाटलं, झालं काम. पण 2010 च्या सुमारास लक्षात आलं, की दुरुस्ती करूनही फरक उरतोच, आणि तोही उलटा! सूर्याच्या 10 अब्ज पटींहून जड असलेल्या दीर्घिकांतले अतिनवतारे दुरुस्तीनंतर शेकडा 5 ते 10 ने जास्त तेजस्वी निघतात. आधी म्हातारं गाव मागे, दुरुस्तीनंतर तेच पुढे. कोणी म्हणतात हा धुळीचा परिणाम आहे, कोणी म्हणतात बटूच्या वयाचा. काही बटू मर्यादा गाठण्याआधीच फुटतात, काही वेळा दोन बटू एकमेकांवर आदळतात, असेही शास्त्रज्ञ मानतात.

शेकडा 10 म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. पण तेजात 10 ची चूक झाली तर अंतरात सुमारे 5 ची होते. शिवाय फार दूरचा प्रकाश फार जुना असतो. त्या काळी गावं तरुण होती, आता म्हातारी जास्त. जवळचे आणि लांबचे बल्ब एकाच मापाने मोजले तर विश्वाचा हिशेबच चुकायचा. म्हणून आता प्रत्येक अतिनवताऱ्याबरोबर त्याच्या गावाचीही नोंद ठेवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने अमेरिकेत पालोमार डोंगरावर 2018 पासून आकाशाची मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातल्या पहिल्या तीन वर्षांच्या 3,628 अतिनवताऱ्यांची यादी 2025 साली प्रसिद्ध झाली. त्यातही गावाचा फरक दिसलाच.

नुसत्या डोळ्यांना दिसणारी अशी एक दीर्घिका आपल्याकडूनही दिसते. तिचं नाव देवयानी. डिसेंबरात संध्याकाळ उलटली की ती जवळजवळ डोक्यावर असते, कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. 1885 च्या ऑगस्टमध्ये तिच्यात एक तारा फुटला होता. तोही याच जातीचा होता असे मानतात. त्यानंतर तिच्यात दुसरा दिसलेला नाही. देवयानीचा प्रकाश इथवर यायला सुमारे 25 लाख वर्षे लागतात. तेव्हा एखादा फुटूनही गेला असेल, आणि त्याचा उजेड अजून वाटेत असेल.