६१७४ वर विसावणारे गणित : द. रा. कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. कारकुनी करणारे वडील ज्योतिषाचे नादी. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. त्यापुढे पदव्या नाहीत. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळामास्तर होते.

१९४६ मध्ये त्यांना एक विलक्षण गोष्ट गवसली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येईल त्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. मराठवाड्यातलीच दोन साले घेऊ. गुरू गोविंदसिंगजींचे नांदेड येथे महानिर्वाण झाले ते १७०८ मध्ये. लातूर जिल्हा अस्तित्वात आला १९८२ मध्ये. ८७१० मधून ०१७८ गेले की ८५३२ उरतात. ९८२१ मधून १२८९ गेले तरी ८५३२ च! पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुले ज्याला 'फायनाइट स्टेट मशीन' म्हणतात, त्याचाच हा शुद्ध नमुना. मोजक्या अवस्था, आणि प्रत्येक अवस्थेतून पुढची कोणती हे ठरलेले. घड्याळाच्या ठोक्यावर न चालता संदेश येईल तसे पुढे सरकणारे, म्हणजे 'असिंक्रोनस', यंत्र सॉफ्टवेअरमध्ये बांधताना खरी चिंता असते ती हीच : ते कुठे स्थिरावेल, की गरगरत राहील? डेव्हिड हफमन यांनी अशा विद्युतमंडलांची पद्धतशीर मांडणी केली ती १९५४ मध्ये. कापरेकरांच्या खेळात दोन्ही शक्यता दिसतात. चार अंकी ९,९९० संख्यांतून पहिल्याच वजाबाकीला अवघी ५४ उत्तरे उरतात आणि ती सारी ६१७४ पाशी विसावतात. दोन अंकी संख्या मात्र ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ अशा फेऱ्यात अडकतात. प्रोग्रॅमरची झोप उडवणारा फेरा तो हाच.

१९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पण मास्तरांचे हे अंकांचे खेळ अनेक विद्वानांना पोरखेळच वाटत राहिले. हा अन्यायच म्हणावा लागेल. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून उतारवयात ते शिकवण्या घेत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला ६१७४ ठाऊक झाला. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.