एल्मर कीथ : डिग्री नसलेला इंजिनिअर

'डर्टी हॅरी' हा १९७१ चा पिक्चर हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांनी बघितला असेल. क्लिंट ईस्टवुडच्या हातातलं ते लांबलचक रिव्हॉल्व्हर सगळ्यांच्या लक्षात राहतं. ते ज्या माणसाच्या हट्टापायी जन्माला आलं, त्याचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. तो पोलीस नव्हता की कंपनीतला डिझायनर नव्हता. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात डोंगरात राहून शिकार करणारा, गुरं-घोडे सांभाळणारा माणूस होता तो. एल्मर कीथ.

जन्म ८ मार्च १८९९, मिझुरी राज्यात. लहानपण मोंटानात गेलं. साधारण बारा वर्षांचा असताना घराला लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला आणि डावा हात आखडून वाकडा झाला. पुढे त्याने घरच्यांकडून ती बोटं मोडून घेऊन सरळ बांधून घेतली. मला हे वाचतानाच कसंतरी झालं. शाळा यथातथाच. मोठेपणी तो मासिकांत लिहायला लागला, तेव्हा त्याचं स्पेलिंग दुरुस्त करता करता संपादकांच्या नाकीनऊ यायचे म्हणे.

त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. रिव्हॉल्व्हरने हरणासारखं जनावर नीट, म्हणजे न तडफडवता, मारता येईल का? त्या काळची काडतुसं त्या मानाने कमजोर. मग हा घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, दारू मोजून भरायचा आणि बघायचा काय होतं ते. १९२५ साली ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने पॉइंट ४५ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये रायफलची जड गोळी भरून बार काढला आणि सिलिंडरचा वरचा भागच उडून गेला. माणूस वाचला.

आता इथे खरी गंमत आहे. आपण असतो तर दारू कमी केली असती आणि गप्प बसलो असतो. कीथने फुटलेला तुकडा बघून वेगळाच निष्कर्ष काढला. सिलिंडर बाहेरून तेवढाच ठेवायचा आणि आतलं भोक लहान करायचं. पॉइंट ४४ स्पेशलचं काडतूस पॉइंट ४५ पेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर बारीक. म्हणजे भिंत तेवढी जाड झाली. थिन सिलिंडरचा हूप स्ट्रेस आपण सेकंड इयरला घोकून पास होतो : दाब आणि व्यास वाढला की ताण वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. त्याने तो फॉर्म्युला न शिकता बंदूक फोडून शोधला.

मग गोळीचा आकार. टोकदार किंवा गोल गोळी मांस बाजूला सारत जाते आणि मागे जखम मिटल्यासारखी होते. कीथने सपाट नाकाची, मागे धारदार खांदा असलेली कडक शिशाची गोळी काढली. ती स्वच्छ भोक पाडून आरपार जाते. हरण गोळीच्या 'धक्क्याने' पडत नाही, रक्तस्रावाने पडतं, आणि दोन भोकं असली की माग काढायला रक्तही सापडतं. मारलेल्या जनावराची जखम उघडून बघणं हीच त्याची लॅब.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने पॉइंट ३५७ मॅग्नम आणलं, त्यातही त्याचा थोडा हात होता. पण त्याचं समाधान पॉइंट ४४ वरच. वीस-पंचवीस वर्षं तो कंपन्यांच्या मागे लागून राहिला, तेव्हा १९५६ च्या सुमारास पॉइंट ४४ मॅग्नम बाजारात आलं. रेमिंग्टनने त्यात एक झकास गोष्ट केली. काडतूस जुन्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवलं, म्हणजे कोणी चुकून ते जुन्या कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये घालायला गेलं तर बसणारच नाही.

आता माझं भांडण. कीथचा सगळ्यात गाजलेला किस्सा म्हणजे सोबत्याच्या रायफलने जखमी झालेलं म्यूल डिअर जातीचं हरण त्याने ६०० यार्डांवरून, म्हणजे जवळपास ५५० मीटरवरून, रिव्हॉल्व्हरने टिपलं. यावर लोक अजून वाद घालतात. मी हिशेब केला : वेग सेकंदाला ४०० मीटर धरला आणि हवेचा रोध सोडूनच दिला, तरी गोळी तिथे पोचेपर्यंत नऊ मीटर खाली येते. म्हणजे आपल्या हॉस्टेलचे तीन मजले! बऱ्याच गोळ्या झाडल्या, काही लागल्या, असं तो स्वतःच सांगतो. अशक्य नाही. पण ते टेस्टिंग नाही. जे हरण पडलं त्याची जखम त्याला उघडून बघता आली. गोळी लागूनही जे जंगलात निघून गेलं, ते त्याच्या वहीत कुठून येणार? नेमकी कमी पडलेली गोळीच डेटामधून गायब.

अर्थात सरकारी टेस्ट तरी काय मोठी शहाणी होती! १९०४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून कोणती भारी ते ठरवलं होतं. आज हेच काम दहा टक्के जिलेटिनच्या थंड ठोकळ्यावर होतं. रीडिंग पुन्हा घेता येतं आणि कोणाचा जीव जात नाही.

आपल्या लातूरच्या शिवारात काळविटांचे कळप हरभरा-ज्वारीत घुसतात आणि शेतकरी वैतागतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाच्या शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे कीथची वही इकडे कुणी पुढे लिहू नये हेच बरं.

जॅक ओकॉनर हा पत्रकारितेचा प्रोफेसर कीथचा जन्माचा विरोधक. त्याचं म्हणणं हलकी आणि वेगवान गोळी, तीही नेम धरून रायफलमधून. दोघे आयुष्यभर मासिकांतून भांडले. कीथला १९८१ मध्ये पक्षाघात झाला आणि १४ फेब्रुवारी १९८४ ला तो गेला. २०१५ मध्ये त्याच्या बंदुकांचा लिलाव झाला. त्याने आखलेल्या गोळीचे साचे अजून विकत मिळतात.