दारापर्यंत गेलेली शाळा : कुलसुम सयानी

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं सर्वेक्षण आम्हा शिक्षकांकडे आलं, तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका घरी आम्हाला एक खाला भेटल्या. वय साठीच्या आसपास. फॉर्म भरायला बसलो तर सुनेने आधीच सांगून टाकलं की अम्मी अंगठाछाप आहेत, तसंच लिहा. पण कपाटावर रेहल ठेवलेली दिसली. विचारलं तर कळलं, खाला रोज फजरनंतर कुरआन शरीफची तिलावत करतात. अलिफ-बे त्यांना वयाच्या सातव्या वर्षापासून येतं. मात्र एसटीची पाटी, रेशन दुकानावरची नोटीस, नातीचं प्रगतिपुस्तक यातलं काही वाचता येत नाही. आम्ही त्यांचं नाव निरक्षरांच्या यादीत लिहिलं खरं, पण लिहिताना हात अडखळला.

संध्याकाळचा वर्ग शाळेत सुरू झाला. खाला आल्या नाहीत. दोन आठवडे वाट पाहिली. मग आम्हाला कुलसुम सयानींची आठवण झाली. आज त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? मुलगा अमीन सयानी म्हटलं की मात्र सगळ्यांना रेडिओवरचा तो आवाज आठवतो. म्हणून आज आईबद्दल लिहावंसं वाटलं.

डॉक्टरांच्या घरातली मुलगी

कुलसुम यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९०० रोजी गुजरातमधला. वालिद डॉ. रजबअली पटेल नावाजलेले डॉक्टर होते, गांधीजींच्या जवळच्या लोकांपैकी. १९१७ साली वालिदांसोबतच कुलसुम गांधीजींना पहिल्यांदा भेटल्या. पुढे त्यांचा निकाह डॉ. जान मोहम्मद सयानी यांच्याशी झाला. तेही डॉक्टर आणि स्वातंत्र्य चळवळीतले. संसार मुंबईत. हमीद आणि अमीन ही त्यांची मुलं पुढे रेडिओवर गाजली.

घर सुखवस्तू होतं, शिकलेलं होतं. कुलसुम यांना आरामात बसून राहता आलं असतं. पण मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांत त्यांना परद्यातल्या बायका दिसत होत्या. त्यांच्यासाठी शाळा नव्हती असं नाही. पण शाळेपर्यंत जाण्याची परवानगी नव्हती, सवड नव्हती, आणि वयाने मोठ्या बाईने पाटी हातात घेऊन रस्त्याने जायचं याची लाजही होती.

शंभर रुपये आणि दोन शिक्षिका

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं आणि प्रौढशिक्षणाला जोर आला. त्याच सुमारास कुलसुम यांनी स्वतःचं काम सुरू केलं. जवळ होते शंभर रुपये आणि मदतीला दोन शिक्षिका. शिक्षिकांचं काम असं की मुस्लिम मोहल्ल्यांत फिरायचं, शिकायला तयार असलेल्या बायकांची घरं शोधायची आणि तिथेच जाऊन शिकवायचं.

आम्ही शिक्षकी पेशात आहोत, त्यामुळे यातली मेहनत आम्हाला कळते. वर्ग भरवणं सोपं असतं. दार वाजवणं अवघड. दार उघडणारी सासू असते, कधी नवरा असतो. त्यांचा विश्वास आधी कमवावा लागतो, बाराखडी नंतर. शिकवणारी बाईच असेल, आपल्या मोहल्ल्याची रीत जाणणारी असेल, तर दार लवकर उघडतं. पुढे मुंबई शहरात प्रौढशिक्षणाची समिती काम करू लागली तेव्हा मुस्लिम बायकांसाठीच्या पन्नास केंद्रांची जबाबदारी कुलसुम यांच्यावर सोपवली गेली. अखिल भारतीय महिला परिषदेच्या सरचिटणीसपदाचं कामही त्यांनी केलं.

एक भाषा, तीन लिप्या

नव्याने वाचायला शिकलेल्या बाईची खरी अडचण पुढे असते. वाचायचं काय? वर्तमानपत्राची भाषा डोक्यावरून जाते, पुस्तकं महाग. वाचायला मिळालं नाही की वर्षभरात अक्षरं पुसली जातात. हे आम्ही स्वतः पाहिलेलं आहे.

यावर कुलसुम यांनी १९४० साली ‘रहबर’ हे पाक्षिक काढलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. ते तीन लिप्यांत छापलं जायचं : नागरी, उर्दू आणि गुजराती. भाषा मात्र एकच, बोलण्यातली सोपी हिंदुस्तानी. गांधीजींनाही अशीच भाषा हवी होती, आणि १९४५ साली त्यांनी ‘रहबर’च्या या कामाला पत्रातून शाबासकी दिली. अमीनभाई लहानपणापासून आईला या कामात मदत करायचे. आपली सोपी बोली तिथेच घडली, असं ते पुढे आवर्जून सांगत. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेल्या त्या आवाजाची तालीम अशी आईच्या पाक्षिकात झालेली होती.

आता ती वर्षं कोणती होती ते बघा. १९४० साली लाहोरचा ठराव झाला. सप्टेंबर १९४६ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. १९४७ ला फाळणी. आमच्या ठाणे जिल्ह्यातही त्या फाळणीची खूण आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. लिपीवरून, भाषेवरून माणसं वाटली जात होती. हिंदी तुमची, उर्दू आमची, असा तो काळ.

अशा वेळी एक मुस्लिम बाई तेच शब्द तीन लिप्यांत छापत राहिली. नागरी वाचणारी, उर्दू वाचणारी, गुजराती वाचणारी अशा तिघी शेजारणींच्या हातात एकच मजकूर जात होता. १९४९ मध्ये संविधान सभेने नागरी लिपीतली हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारली, हिंदुस्तानीचा विचार मागे पडला. तरी ‘रहबर’ बंद झालं नाही. ते १९६० पर्यंत, वीस वर्षं, चाललं.

१९६० साली कुलसुम यांना पद्मश्री मिळाली, १९६९ साली नेहरू साक्षरता पुरस्कार. १९८७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आमच्या गावांना याचं काय?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात आपली वस्ती विखुरलेली आहे. कुठे दहा घरं, कुठे वीस. शेजारी आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी. रोजच्या व्यवहारात वैर नाही. पण भिवंडी काही लांब नाही. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी मोठी झाली. दंगल भिवंडीत झाली, पण शाळा सुटली ती आमच्या गावातल्या मुलींची, असं आमच्या घरातल्या बायका सांगतात. भाऊ महिनाभराने परत शाळेत गेले. बहिणी गेल्याच नाहीत.

हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. मध्यंतरी दुसऱ्याच जिल्ह्यात तणाव झाला, मोबाईलवर एक मेसेज फिरला, आणि आमच्या वर्गातल्या मुली चार दिवस घरी बसल्या. मेसेज खोटा निघाला. आम्ही आयांना विचारलं तेव्हा कळलं की एकीनेही तो स्वतः वाचला नव्हता. कुणी तरी वाचून दाखवला, दुसऱ्याने त्यात भर घातली. जिला वाचता येत नाही तिला भीतीसुद्धा दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते, आणि तिची किंमत तिची मुलगी चुकवते. आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणला कॉलेजात जाणारी मुलगी पहिल्यांदा घरी बसवली जाते.

म्हणून आम्हाला वाटतं की साक्षरता म्हणजे अंगठ्याऐवजी सही, एवढंच नाही. घरातल्या बाईने बातमी स्वतः वाचून खरं-खोटं ठरवणं, ही तिच्या मुलीची ढाल आहे. उर्दू शिकायची की मराठी, हा वादही आपण सोडून द्यायला हवा. ज्या बाईला अरबी अक्षरं येतात तिला उर्दू वाचायला फार दिवस लागत नाहीत. उर्दूच्या बोटाला धरून मराठी शिकवता येते. मराठी ही आपली दफ्तराची, बाजाराची, शेजाराची भाषा आहे, कित्येक घरांत तर बोलण्याचीही.

आम्ही वर्ग शाळेतून खालांच्या ओटीवर नेला. शनिवारी दुपारी, जोहरनंतर, तास-दीड तास. आधी खाला आणि त्यांची सून अशा दोघीच होत्या. आता शेजारच्या दोन आगरी बायकाही येऊन बसतात. त्यांची पाटी मराठीची, खालांची एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. जोडाक्षरापाशी चौघीही सारख्याच अडतात आणि हसतात.

आपल्या गावात अशा खाला, अशा दादी प्रत्येक गल्लीत आहेत. शाळेत या म्हणून त्या येणार नाहीत. ज्या बहिणींचं बारावी, डीएड, बीएड झालंय त्यांनी आठवड्यातून एक दुपार काढावी आणि एकच दार वाजवावं. कुलसुम सयानींनी शंभर रुपयांत सुरुवात केली होती. आपल्याला तेवढेही लागणार नाहीत.