बाळू पालवणकर : हजारो चेंडू टाकले, पण सरावात बॅट कधी हाती आली नाही

गावातला एखादा पोट्टा चांगला खेळायला लागला की पारावर दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, त्याच्या हातातच आहे, देवाची देणगी आहे. दुसरा म्हणतो, देणगी-बिणगी काही नाही, रोज घाम गाळतो म्हणून खेळतो. हा वाद काही आजचा नाही. याचं उत्तर शोधायचं असेल तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी माणसाचं आयुष्य पाहावं लागते. त्यांचं नाव बाळू पालवणकर. भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज म्हणून क्रिकेटच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. आपल्या जिल्ह्यात उन्हाळाभर टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं असेल, हा प्रश्नच आहे.

तीन रुपये महिन्याची नोकरी

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातलं, पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाजाने चर्मकार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. विहीर वेगळी, वस्ती वेगळी, देवळात पाय ठेवायची बंदी. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम हे दोघं गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्यापुराण्या सामानावर क्रिकेट खेळायला शिकले.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, पिचवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना गरज पडली तर चार चेंडू टाकायचे. पगार महिन्याला तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते पुण्यातल्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात लागले. तिथे पगार चार रुपये झाला. काम तेच होतं, पिच लाटायचं, रेषा आखायच्या, सरावासाठी नेट बांधायचं, टेनिसच्या कोर्टाची देखभाल करायची. मैदानावरचा गडीमाणूस, एवढीच ओळख.

नेटमधला सराव

जिमखान्यातल्या गोऱ्या खेळाडूंना सरावाला कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. एका साहेबाने बाळूंना चेंडू टाकायला सांगितलं आणि तिथून चक्र फिरलं. बाळू डावखुरे. संथ, सफाईदार हात. एका इंग्रज अधिकाऱ्याची डावखुरी गोलंदाजी पाहून त्यांनी आपला हात घडवला, असं सांगतात.

त्या जिमखान्यात कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज होता. त्या काळी हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांमध्ये तो सगळ्यात भारी समजला जाई. अंगाने लहान, पण पाय एकदम चपळ. चेंडू कुठे पडणार हे ओळखून तो पुढे सरसावायचा. इतर सभासद यायच्या तासभर आधी तो मैदानावर येई आणि एकट्या बाळूंकडून गोलंदाजी करून घेई, अशी हकिकत आहे. बाळूंनी आपल्याला बाद केलं तर दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्याचा रिवाज होता म्हणतात. हिशेब करून पाहा. आठवड्यातून एकदा जरी साहेब बाद झाला तरी महिन्याचे दोन रुपये सुटत होते, म्हणजे पगाराच्या निम्मे.

या सरावात नेमकं काय होतं ते नीट पाहिलं पाहिजे. समोर सगळ्यात कठीण फलंदाज. डोळ्यासमोर एकच काम, त्याला बाद करायचं. चेंडू चुकला की लगेच फटका, म्हणजे चूक त्याच क्षणी कळायची. पुढचा चेंडू थोडा आखूड, थोडा वर, थोडा जास्त फिरवून टाकायचा. हे एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं चाललं. त्यात पिचही त्यांनीच लाटलेलं. जो माणूस रोज त्या मातीवर पाणी मारतो आणि रोलर फिरवतो, त्याला ती कुठे कोरडी आणि कुठे ओली हे सांगावं लागत नाही. शेतकऱ्याला वावरातलं चोपण जसं पायाखाली कळते, तसंच ते.

यात फायदा एकट्या बाळूंचा झाला नाही. ग्रेगची फलंदाजीही या गोलंदाजीवर तासली गेली.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्या जिमखान्यात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती सरावात एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा खेळ. गड्याने चेंडू टाकायचे आणि आणून द्यायचे. बाळू गोलंदाज झाले याचं एक कारण हेही आहे की त्यांना दुसरं काही होऊच दिलं नाही.

संघात जागा, पण चहा बाहेर

पुण्यातल्या हिंदू संघाला गोऱ्यांच्या संघाला हरवायचं होतं. बाळूंची कीर्ती गावभर झाली होती. पण त्यांना संघात घ्यायचं का, यावर दोन तट पडले. काही तेलुगू खेळाडू घ्या म्हणत होते, सनातनी मंडळी नको म्हणत होती. असा गोलंदाज असून हिंदू त्याला बाहेर ठेवतील तर ते मूर्ख ठरतील, असं मत खुद्द ग्रेगने जाहीरपणे मांडल्याचं सांगतात. शेवटी बाळू संघात आले.

मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. मैदानाबाहेर मात्र नियम बदलत. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून कपातून चहा पीत, बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला वेगळं टेबल. हात-तोंड धुवायला पाणी द्यायचं तर त्यांच्याच समाजाचा नोकर आणावा लागे.

या संघाने पुण्याच्या गोऱ्यांना हरवलं. पुढे साताऱ्याच्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा तिथल्या लोकांनी आठवडाभर पिचवर रोलर फिरवून घेतला, म्हणजे बाळूंचा चेंडू फिरणार नाही. बाळूंनी तरी सात गडी बाद केले. पिच लाटणाऱ्या माणसाला लाटलेल्या पिचची भीती कशी वाटणार? त्यानंतर पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर सभेत त्यांचा गौरव केला.

1906 चा सामना आणि इंग्लंडचा दौरा

पुढे बाळू मुंबईला आले. तिथेही हिंदू जिमखान्यात त्यांच्या नावाला विरोध झाला, पण जागा मिळाली. रेल्वेत नोकरी आणि सोबत क्रिकेट असं सुरू झालं. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा 242 आणि 160. युरोपियन संघ 191 आणि 102 धावांत आटोपला. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात 3 आणि दुसऱ्या डावात 5 गडी बाद केले. राज्यकर्त्या साहेबाला त्याच्याच खेळात हरवता येते, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाळूंचं वय तेव्हा पस्तीस, खांदा दुखत होता. संघाने 23 पैकी 15 सामने गमावले. अशा हरणाऱ्या संघातून बाळूंनी दौऱ्यात 114 गडी बाद केले, तेही सरासरी एकोणीस धावांना एक या हिशेबाने. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात त्यांचे 11 गडी होते. संपूर्ण कारकिर्दीत 33 प्रथम श्रेणी सामने आणि 179 बळी, सरासरी 15.21. हे आकडे आजही मोठ्या गोलंदाजांच्या पंक्तीत बसतात. भारत पहिला कसोटी सामना 1932 मध्ये खेळला, तोवर बाळूंचं वय निघून गेलं होतं.

एकाच घरातले चार भाऊ

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. हे ऐकून कोणी म्हणेल, बघा, रक्तातच होतं. पण जरा थांबून पाहा. थोरला भाऊ गोलंदाज झाला, कारण त्याला बॅट मिळाली नाही. धाकटा विठ्ठल मात्र नावाजलेला फलंदाज झाला. रक्त तर एकच होतं. फरक इतकाच की विठ्ठलची पाळी आली तोवर थोरल्या भावाने दार ढकलून ठेवलं होतं.

तरीही एक दार बंदच राहिलं. वर्षानुवर्षं संघातले सगळ्यात मोठे खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. 1920 मध्ये बाळूंना वगळलं आणि विठ्ठललाही डावललं, तेव्हा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. बोलणी झाली, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि सामन्यात कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेला तेव्हा संघ बाळूंनी सांभाळला. शेवटी 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. आपल्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं ते 1928 साली, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. काळ कसा होता, हे यावरून लक्षात यावं.

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कामात राहिले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. 4 जुलै 1955 रोजी त्यांचं निधन झालं.

अभ्यास काय सांगतो

देणगी की मेहनत, यावर पुढे शास्त्रज्ञांनीही डोकं लावलं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास मांडला. जे वरचढ ठरले त्यांनी एकट्याने, ठरवून केलेल्या सरावाचे तास इतरांपेक्षा जास्त होते. यातूनच पुढे दहा हजार तासांचा बोलबाला झाला. पण नुसते तास मोजून उपयोग नाही, सरावात नेमकं लक्ष्य पाहिजे आणि चूक लगेच कळली पाहिजे, असं एरिक्सन यांचं म्हणणं होतं. बाळूंचा नेटमधला सराव नेमका असाच होता. मग 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे 18 टक्के भागच अशा सरावाने समजावता आला. बाकीच्यात शरीर आलं, सुरुवातीचं वय आलं आणि संधीही आली.

आपल्या पोरांसाठी

शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. बियाणं चांगलं पाहिजे, मशागतही पाहिजे. पण वावरच मिळालं नाही तर बियाणं पिशवीतच राहते. बाळूंच्या हातात गोलंदाजीचा गुण होता, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत केली आणि तो फुलला. फलंदाजीचा गुण होता की नव्हता, हे कोणालाच कळलं नाही, कारण त्याची परीक्षाच झाली नाही.

आर्वी, कारंजा, आष्टी, देवळी, सेलू, समुद्रपूर, हिंगणघाट, कुठल्याही तालुक्यातल्या मैदानावर जा. बॅट ज्याची, पहिली फलंदाजी त्याची. गरिबाचं पोर सीमारेषेवर दिवसभर चेंडू आणते आणि अंधार पडला की घरी जाते. पोरी तर बहुतेक ठिकाणी मैदानाच्या बाहेरच. मग दोन वर्षांनी लोक म्हणतात, त्या पोरात काही दम नव्हता. दम होता की नव्हता हे पाहायला त्याला कोणी चेंडू टाकला होता का?

ज्यांच्याकडे व्यायामशाळा आहे, शाळेचं मैदान आहे, मंडळाची किट आहे, त्यांनी एवढं करावं. आठवड्यातून एक दिवस पाळी लावावी आणि प्रत्येकाला बॅट, चेंडू दोन्ही द्यावं. समोर कठीण खेळाडू उभा करावा, काय चुकलं ते त्याच वेळी सांगावं आणि महिनाभर तेच करून घ्यावं. कोणात काय आहे ते त्यानंतर बोलावं, आधी नाही.